मागच्या खोलीचा वारा

भोरच्या जलीलभाईंना सगळे एसीवाले म्हणून ओळखतात, पण त्यांचे वडील कल्हईवाले होते. भांडं आगीवर धरण्याआधी ते आतून-बाहेरून हाताने चाचपायचे. मुलाने धंदा बदलला, खोड तीच ठेवली. बाकीचे मेकॅनिक उंबरा ओलांडता ओलांडताच ‘गॅस गेलाय’ म्हणून मोकळे होतात. जलीलभाई मात्र वारा येणाऱ्या प्रत्येक झरोक्याखाली हात धरून उभे राहतात, गिऱ्हाईक कंटाळेपर्यंत.

एप्रिलच्या भर दुपारी भाटघरला रतनबाईंच्या घरी ते असेच हात वर करून फिरत होते. रतनबाईंचा मुलगा कुमार पुण्यात नोकरीला. गावी नवं घर बांधताना त्याने छतातून हवा नेणारे पत्र्याचे डक्ट फिरवून सगळ्या खोल्यांना मिळून एकच मोठा एसी बसवला होता. पुढची खोली कुमारची, म्हणजे रिकामीच; तिथे वारा बरा होता. मधल्या खोलीत फुंकर घातल्याएवढा, आणि मागच्या खोलीत काहीच नाही. नेमके तिथेच रतनबाईंचे यजमान कुंडलिकराव होते, दोन वर्षं लकव्याने अंथरुणाला खिळलेले. उकाड्याने आता त्यांच्या पाठीला जखमा होऊ लागल्या होत्या.

“दोगं जण गॅस भरून गेले,” रतनबाई म्हणाल्या. “आता कुमार म्हणतो, रविवारी गाडी आणतो, दोगंबी पुण्याला चला. हे तितं न्हाई जगायचे, जलीलभाई. खिडकीतनं धरणाचं पाणी दिसतं, दिसभर तेवढंच बघत असत्यात.”

जलीलभाईंनी वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून झरोक्यांना चिकटवल्या. मागच्या खोलीतली हललीसुद्धा नाही. मग ते बोळात आले. तिथे भिंतीच्या तळाशी एक मोठी जाळी होती. घरातली हवा मशीन तिथूनच परत ओढून घेतं. जाळीसमोर गोणपाट अंथरलेलं, शेजारी तांदळाचं पोतं आणि सूप.

“पाखडायला हितं बसता, मावशी?”

“व्हय की! लई सोय झाली. बाहेर वाऱ्याची वाट बघत बसावं लागतं. हितं सूप नुसतं हालवलं की कोंडा आपला आपण जाळीत जातो. झाडायलाबी लागत न्हाई.”

जलीलभाईंनी कपाळावर हात मारून घेतला नाही, एवढंच. त्यांनी जाळी उघडली. आतल्या फिल्टरवर कोंड्याचा बोटभर जाड थर बसला होता. रतनबाईंनी बोटाने तो खरवडून पाहिला.

“म्हंजे म्याच केलं व्हय हे?”

“अंगणात का बसत न्हाई?”

“अंगणात ह्यांची हाक ऐकू येत न्हाई.”

 जलीलभाईंनी मशीन बंद करून फिल्टर धुतला, आतल्या कॉइलवरचा कोंडा ब्रशने काढला. मग तिकडचा वारा मागे वळावा म्हणून शिडी लावून रिकाम्या खोलीकडे जाणाऱ्या डक्टची झडप अर्धी लावून टाकली. या सगळ्यात दीड तास गेला.

मशीन पुन्हा सुरू झालं आणि तेवढ्यात जलीलभाईंच्या मोबाइलवर कुमारचा फोन आला.

“काय निघालं, जलीलभाई?”

रतनबाई पदर तोंडाला लावून त्यांच्याकडे बघत होत्या. गिऱ्हाइकापासून बिघाड लपवायचा नाही, हा जलीलभाईंचा जन्माचा नेम. त्या दिवशी तो त्यांना जड गेला.

“कोंडा. मावशी जाळीसमोर पाखडत होत्या.”

“बघा! म्हणूनच म्हणतो, या दोघांना तिथे एकटं ठेवण्यात अर्थ नाही.”

“पुरतं ऐका. अंगणात बसलं तर वडलांची हाक ऐकू येत न्हाई, म्हणून त्या हितं बसतात.”

 इतक्यात मागच्या खोलीतून अडखळत हाक आली, “रतन... घोंगडी दे गं. गार लागतंय.”

रतनबाई धावल्या. जलीलभाईंनी फोन तसाच खोलीच्या दिशेने धरला होता.

“रविवारी येतो मी,” फोनमधून कुमार म्हणाला. “नुसता भेटायला.”

जलीलभाईंनी तांदळाचं पोतं खांद्यावर घेतलं, सूप काखेत मारलं आणि घराला वळसा घालून मागच्या खोलीच्या खिडकीखाली नेऊन ठेवलं.

“हितं बसत जा, मावशी,” त्यांनी आत आवाज दिला. “हाक ऐकू येईल. जरा कडंला बसा, म्हंजे त्यांना पाणीबी दिसंल.”