होतं तसं घर

लोक त्याला शोध्या म्हणत. सिनेमावाल्यांना शूटिंगसाठी जागा शोधून देणं हा त्याचा धंदा. पण डोक्यात कथा भरपूर आणि खिशात खडखडाट, असेच दिग्दर्शक नेमके त्याच्या वाट्याला येत. शोध्या लोकांच्या दारात उभा राहायचा, गोड बोलायचा, हातापाया पडायचा आणि शेवटी वचन द्यायचा, "घर होतं तसं परत मिळेल." त्यासाठी तो आधी घराच्या कानाकोपऱ्याचे फोटो काढायचा. शूटिंग संपलं की रंगारी ते फोटो समोर धरून घर पूर्ववत करायचा. वीस वर्षं शोध्या या शब्दाला जागला होता.

यंदाच्या दिग्दर्शकाला दोन खोल्यांचं, वापरून वापरून जुनं झालेलं घर हवं होतं. शोध्यानं अकरा घरं पालथी घातली. सात मालकांनी हाकलून दिलं, तीन घरं दिग्दर्शकानं नाक मुरडून नाकारली आणि अकराव्याच्या मालकानं सिनेमावाले येणार म्हणून हौसेनं सगळं घर गुलाबी रंगवून ठेवलं. आता काय कपाळ बडवायचं? शूटिंग परवावर आलेलं. मग जिथं हे काम न्यायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, तिथंच तो गेला. थोरल्या बहिणीकडे.

ताई एकटी राहायची. तिच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या नऊ रेघा होत्या. मुलाच्या दर वाढदिवसाला त्याला तिथं उभं करून ओढलेल्या. दहाव्या वाढदिवसाआधीच पोरगं तापानं गेलं. त्याला आठ वर्षं झाली, तरी शोध्याला त्या चौकटीकडे धड बघवत नसे.

"घे की घर," ताई म्हणाली. "तुझं अडलंय आणि मी नाही म्हणू? फक्त चौकटीला हात नको."

"ताई, घर होतं तसं परत मिळेल."

"मला गिऱ्हाईक समजतोस का रे?" ती हसली आणि तीन दिवसांसाठी मैत्रिणीकडे राहायला गेली.

शोध्यानं भिंती टिपल्या, कपाटं टिपली, नळाखालचा डागसुद्धा सोडला नाही. चौकटीपाशी आल्यावर मात्र त्यानं मोबाइल खिशात टाकला. त्याऐवजी तिथं कागद चिकटवला, 'हात लावू नये.'

दिग्दर्शक रेघा बघून हरखलाच. "शोध्याभाऊ, सोनं आहे हे! आपल्या गोष्टीतल्या मुलाच्याच रेघा वाटतात." कॅमेऱ्यात दिसतो म्हणून कागद निघाला. गोष्टीतला मुलगा अकरा वर्षांचा, म्हणून कुणीतरी वर आणखी दोन रेघा ओढल्या. दहावी आणि अकरावी. शोध्यानं त्या पाहिल्या. मग तो बाहेर जाऊन उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी इथलं काम संपलं. "आवरायचं रंगारी बघेल, तुम्ही उद्याच्या दृश्यासाठी बसथांबा शोधा," असं म्हणून दिग्दर्शकानं त्याला पिटाळलं. नाही म्हणायची शोध्याची कधी हिंमतच नव्हती.

संध्याकाळी तो परतला तेव्हा घर अगदी फोटोसारखं होतं. नळाखालचा डागही जागच्या जागी. स्वयंपाकघराची चौकट तेवढी नव्या रंगानं चकाकत होती.

"रेघा सगळ्या घासून काढल्या," रंगारी अभिमानानं म्हणाला. "वर रंगाचा हात मारला. तुमच्या एकाही फोटोत नव्हत्या ना, म्हटलं आपल्याच लोकांचे उद्योग."

रंगाऱ्यावर डाफरायची सोयच नव्हती. बिचाऱ्यानं वीस वर्षं शिकवलं तेच केलं होतं. चौकटीचा फोटो काढला नव्हता तो शोध्यानंच.

ताई दारात कधी येऊन उभी राहिली, ते त्याला कळलंच नाही. ती चौकटीकडे बघत राहिली. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

शोध्यानं घाईघाईनं खिशातून पेन्सिल काढली. "ताई, चित्रीकरणात सगळ्या रेघा आल्यात. त्यावरून मी स्वतः काढून देतो. सूतभरही फरक पडणार नाही."

"काढशील रे," ताई हळूच म्हणाली. "पण चौकटीपाशी उभं कुणाला करशील?"