पाठीवर सॅक घेऊन बेडोकला

सिंगापूरला उतरलो तेव्हा आमच्या लग्नाला सहा महिने झाले होते आणि तोवर आम्ही दोघंच असे एकदाही कुठे गेलो नव्हतो. पुण्यात तीन खोल्यांचा फ्लॅट, त्यात सासू-सासरे, नणंद आणि आम्ही. महाबळेश्वरला गेलो तेसुद्धा सगळे मिळून. माणसं चांगलीच आहेत, तक्रार नाही. पण आमच्या खोलीचं दार लागलं की बाहेर कोणाला तरी हमखास खोकला यायचा. म्हणून पाठीवर एकेक सॅक टाकायची, सिंगापूरपासून बसने वर वर थायलंडपर्यंत जायचं, स्वस्त हॉस्टेलांत राहायचं, असा बेत मी आखला. अट एकच होती. कोणत्याही नातेवाइकाकडे राहायचं नाही. नवऱ्याने ती लगेच मान्य केली, पण तो सगळ्यांचं सगळंच लगेच मान्य करतो. त्याला नाही म्हणता येत नाही. आणि पहिल्याच रात्री तो कोणापुढे विरघळला, तर पुढची चाळीस वर्षं कशी जाणार हे मला तिथेच कळणार होतं.

त्याच्या सॅकमध्ये भाजणी, गोडा मसाला आणि मेतकूट निघालं. त्याचा मावसभाऊ, म्हणजे दादा, सिंगापुरातच बेडोकला राहायचा, तिथल्या एका कंपनीत मॅनेजर होता. सासूबाईंनी ते पुडे गुपचूप लेकाच्या हवाली केले होते. नुसतं देऊन निघू, तो म्हणाला. बेडोक विमानतळावरून हॉस्टेलच्या वाटेवरच होतं. एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, नकाशात मलाही ते फार सोयीचं दिसलं, हे कबूल करायला हवं.

खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांतून येणारा लसणाच्या फोडणीचा वास नाकात घेत आम्ही त्यांच्या इमारतीत शिरलो. वर लांबलचक व्हरांडा, दारोदार चपलांचे स्टँड. वहिनींनी दार उघडलं, आमच्या पाठीवरच्या सॅक पाहिल्या आणि त्यांचा चेहरा फुलला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपण काय करून बसलोय. आपल्याकडे माणूस सामानासकट दारात उभा राहिला की तो राहायलाच आलेला असतो. मग तोंडाने त्याने काय वाटेल ते सांगावं, ऐकतंय कोण? माझी सॅक तर चप्पल काढेपर्यंत आतल्या खोलीत पोचलीसुद्धा.

ती त्यांच्या मुलीची खोली होती. मुलगी सहा-सात वर्षांची. तिने मराठीत विचारलेलं सगळं समजून घेतलं आणि उत्तरं इंग्रजीत दिली. माझी गादी तुम्ही घ्या, मी मम्माकडे झोपते, "नो प्रॉब्लेम लाह," असं अस्सल सिंगापुरी हेल काढून सांगत तिने आपला कापडी हत्ती उशीवर आमच्यासाठी ठेवला. मला इतकं गोड वाटलं आणि त्याच वेळी इतका राग आला की मी बाथरूममध्ये जाऊन उगीचच दोनदा तोंड धुतलं.

जेवायला भरली वांगी, आमटी, भात आणि त्या मुलीच्या हट्टाखातर नूडल्स. वहिनींच्या हाताला चव होती. मी वांगी तीनदा घेतली आणि दर वेळी नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून भात कालवत होता. दादांनी उद्याचा सगळा कार्यक्रमही ठरवून टाकला होता: ईस्ट कोस्टला सायकली, मग दुपारी घरीच जेवण, संध्याकाळी त्यांचे पुण्याचे मित्र. नवरा हो हो करत होता. मी मनात सामान बांधायला घेतलं होतं, थायलंडचं नव्हे, पुण्याचं.

तो ताटावरून उठला, हात धुऊन आला आणि उभ्यानेच म्हणाला की आम्ही आता निघतो. दादा हसले. हॉस्टेलात कशाला, आपलं घर असताना? मग हा खरंच निघालाय हे त्यांना कळलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वहिनींनी पाहिलं. मुलीनेही पाहिलं. आमच्याकडची ही जुनीच रीत. पुरुषाने नकार दिला की तो बायकोच्या तोंडून शोधायचा.

"काय गं, आवडलं नाही का आमचं घर?" दादांनी विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात नवरा म्हणाला, "तिला नको विचारूस दादा. मला जायचंय."

त्याचे कान लाल झाले होते. दादा रिमोट शोधायला लागले. त्यांना लागलं होतं, ते दिसत होतं, आणि मला वाईटही वाटलं. वहिनींनी मात्र आतून माझी सॅक आणली. लिफ्टपर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्यांनी माझा दंड धरून हळूच सांगितलं, "आम्हीसुद्धा एकदा असेच निघालो होतो. ह्यांनी माझं नाव पुढे केलं. ते अजून माझ्याच नावावर आहे."

हॉस्टेल लिटल इंडियात होतं. तिथे गेल्यावर कळलं की स्वस्तातलं बुकिंग करताना मी नीट वाचलंच नव्हतं. बायकांची खोली वेगळी, पुरुषांची वेगळी, दोन्हींत एकावर एक पलंग. एवढं महाभारत करून आम्ही एका खोलीतही झोपणार नव्हतो. आम्ही जिन्यात बसलो आणि पोट दुखेपर्यंत हसलो.

तेवढ्यात पुण्याहून फोन आला. बातमी आमच्या आधी पोचली होती. सासूबाईंचा आवाज मला शेजारी बसून स्वच्छ ऐकू येत होता. माझ्या बहिणीच्या मुलाला काय वाटलं असेल, असं कोणी करतं का, वगैरे. आणि मग अर्थातच, हिला नको होतं का तिथे राहायला?

बेडोकला सगळ्यांसमोर तो एकदा बोलून गेला होता. पण इथे आई होती.

"नाही आई," तो म्हणाला. "ती राहायला तयार होती. मीच नको म्हटलं."

धादांत खोटं. मी एक मिनिटसुद्धा तयार नव्हते. फोन ठेवल्यावर तो माझ्याकडे बघेना, जिन्याच्या कठड्याचा रंग नखाने खरवडत बसला. लग्नात हार घातला होता, सप्तपदी झाली होती, सगळं रीतसर झालं होतं. पण हा माझा नवरा आहे, हे मला त्या जिन्यात कळलं.