मुठीतलं बटण

आत्याच्या शिलाईच्या दुकानात दोनच गोष्टी चालायच्या, तिची कात्री आणि तिची जीभ. सगळी गल्ली तिला आत्याच म्हणे. खरी भाची मात्र एकच, धाकट्या भावाची ठमी. वय वर्षं चार. ठमी हाकेला ओ देईना, म्हणून डॉक्टरांनी कान तपासायला बोलावलं होतं. आवाज आला की मणी वाटीत टाकायचा, एवढी सवय घरून करून आणा म्हणाले. भाऊ-वहिनी दिवसभर कामावर, तेव्हा हे काम आत्यानं अंगावर घेतलं.

मण्यांच्या जागी बटणं आली. ठमीला पाठमोरी बसवायचं आणि मागून डब्यावर कात्रीचा हलका ठोका द्यायचा. पोरीचं एक बटण चुकेल तर शपथ! आत्याला आभाळ ठेंगणं झालं. माप द्यायला येईल तिला ती ऐकवू लागली, की डॉक्टरांना मेलं काय कळतंय, आमची ठमी तिखट कानाची आहे.

मग एकदा इस्त्रीचा लांब कोट टांगायला जागा मिळेना. आत्यानं तो समोरच्या आरशावर अडकवला, गिऱ्हाइकं कपडे घालून बघतात त्या. ठोका दिला, तर ठमी ढिम्म. दुसरा दिला, तरी बटण मुठीतच. आत्यानं कपाळावर हात मारला. पोर इतके दिवस आरशात तिचा हात बघत होती.

तपासणीत ठमीनं असंच नजरेनं निभावून नेलं असतं, तर कान ठीक आहेत म्हणून घरी पाठवली असती, आणि पुढं शाळेत पोर मठ्ठ ठरली असती. त्यातून आत्याचा पडलेला चेहरा बघून ठमी आता अंदाजानंच बटणं टाकायला लागली. शाब्बासकीची चटक आत्यानंच लावली होती ना!

आत्यानं तिला मांडीवर घेतलं, तोंड तिच्या कानाशी नेलं.

"आवाज नाही आला, तर बटण मुठीत ठेवायचं. तेही बरोबरच, राणी."

तेव्हापासून मुठीत राहिलेल्या प्रत्येक बटणाला एक पापा मिळायचा. गिऱ्हाइकांना वाटलं, आत्याचं डोकं फिरलं.

तपासणीच्या दिवशी त्या लहानशा बंद खोलीत ठमीच्या कानांवर हेडफोन चढले. आत्या मागच्या खुर्चीत, दोन्ही हात मांडीखाली दाबून. ठमीनं मध्येच वळून पाहिलं, तशी आत्यानं डोळे गच्च मिटून घेतले. काही मणी वाटीत पडले. मग बराच वेळ वाटीत काहीच वाजलं नाही.

तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, दोन्ही कानांना यंत्रं लागतील, पण बरं झालं, वेळेवर कळलं. एवढ्याशा पोरी सहसा अंदाजानं मणी टाकतात, हिनं एकदाही टाकला नाही.

आत्याचे डोळे भरून आले, पण मान ताठ होती. ठमी धावत आली आणि तिनं घामेजलेली मूठ उघडली. आत एक मणी होता.

"आत्या, हा मला नाही आला ऐकू."

"शाब्बास गं माझी वाघीण," आत्या म्हणाली, आणि तिथंच, सगळ्यांसमोर, तिचा पापा घेतला.