सरांनी मोकळा केलेला गडी

लातूरच्या कॉलेजात सर आम्हाला एम.ए.ला अमेरिकन कादंबरी शिकवायचे. शिकवायचे कसले, सोलून काढायचे. जिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी अश्रू गाळले, अशी गुलामीच्या काळातली एक कादंबरी त्यांनी आम्हाला नव्याने वाचायला लावली. तिच्यात एक इमानी म्हातारा गुलाम आहे. शेवटी मालक उदार होऊन त्याला मोकळं करतो आणि तो मालकाच्या पायावर लोळण घेतो. सर म्हणायचे, "हे इमान मालकाच्या सोयीचं आहे. गुलामाच्या बाजूने वाचा."

मी वाचलं. माझा बाप मुरुडजवळ याच सरांच्या शेतात सालगडी होता. पाडव्याला साल ठरायचं, ते पुढच्या पाडव्यापर्यंत. मी कुणाची पोर हे सरांना ठाऊक होतं, पण वर्गात त्यांनी ते दाखवलं नाही आणि मीही नाही. सेमिनारच्या पेपरात मात्र मला राहवलं नाही. कादंबरीत पोरंटोरं गुलामाला अरे-तुरे करतात, तिथं मी बापाला "ए गड्या" म्हणणारा मालकाचा शाळकरी पोरगा आणला. गोठ्याच्या कोनाड्यात पालथी घातलेली बापाची वेगळी कपबशी आणली. नाव कुणाचंच घेतलं नाही. सरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांत जास्त मार्क मला दिले. मी येड्यासारखी हरखले.

पाडव्याला बाप साल ठरवायला गेला आणि तसाच परत आला. सर गोड बोलले होते, "तुमची पोर लई हुशार निघाली. आता तिच्या वडिलांनी गडी म्हणून राबावं, हे मलाच बरं वाटत नाही. तुम्हाला मोकळं केलं." उभ्या जन्मात त्यांनी बापाला पहिल्यांदा अहो-जाहो केलं, तेही हाकलताना. एव्हाना गावात सगळ्यांचे गडी ठरून बसले होते. आता वर्षभर कुणी दारात उभं करणार नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या माणसाचं थोबाड फोडावंसं वाटलं.

मग मी बापाला सगळं सांगितलं, कादंबरी, तो गुलाम, माझा पेपर. वाटलं, शिव्या घालील.

"त्या म्हाताऱ्याला मोकळं केलं म्हणतीस," तो म्हणाला. "मग फुडं त्यानं खाल्लं काय?"

"पुस्तक तिथंच संपतं."

"आन् तू काय लिवलंस?"

माझा पेपरही तिथंच संपला होता.