भाषणवाली

नर्सिंग कॉलेजच्या फाटकासमोर माझं शिलाईचं दुकान आहे. गणवेश शिवते, त्यामुळे इथल्या प्रत्येक मुलीचं माप मला ठाऊक असतं, आणि माप घेता घेता बाकीचंही बरंच कळतं. मुली मला मावशी म्हणतात. भाषणवालीही म्हणते. भाषणवाली हे नाव तिला तिच्या वर्गातल्या मुलींनी ठेवलं होतं. मुली खवचट खऱ्या, पण खोटं बोलत नव्हत्या.

तिची आई कॉलेजच्याच हॉस्पिटलात धुलाईघरात चादरी धुते. बाप कधीच निघून गेलेला. अशा घरांतल्या मुलींसाठी इथे एक मदत योजना आहे. मुलीला प्रवेश मिळवून द्यायचा, फी भरायची, वसतिगृहात ठेवायचं, कच्च्या विषयाला शिकवणी लावायची. योजना चांगलीच आहे, उगाच कशाला बोटं मोडू? ती नसती तर ही पोर त्या फाटकातून आत गेली असती ती चादरींचं गाठोडं घेऊनच. पण योजनेला देणगीदार लागतात, देणगीदारांना कार्यक्रम लागतात, आणि कार्यक्रमात रडवणारं कुणीतरी लागतं.

पहिल्याच वर्षी योजनेच्या बाईंनी तिच्या हातात माईक दिला. आवाज गोड, डोळे पाणीदार. समोरच्यांचे रुमाल निघाले. झालं! तेव्हापासून बाईंची गाडी फाटकाशी येऊन हॉर्न वाजवायची आणि ही वर्गातून नाहीतर वॉर्डातून उठून पळायची. बाईंचं सगळ्यावर बारीक लक्ष. आईने पहिल्या रांगेत बसायचं, पण चांगले कपडे घालायचे नाहीत. एकदा तर मला निरोप आला, की हिचा गणवेश जरा ढगळ शिवा, अंगावर लोंबला तर बरं दिसतं. इतक्या वर्षांत मुद्दाम वाईट शिवा असं सांगणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटलं. मी मापातच शिवला.

वॉर्डातली ड्यूटी बुडतेय, असं तिने एकदा बाईंना सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, मी बोलते प्राचार्यांशी. घरी आईला सांगितलं तर आईच कडाडली, "ज्यांच्या जिवावर शिकतेस त्यांनाच नाही म्हणतेस? खाल्ल्या घरचे वासे मोजायचे नसतात." पुढच्या हॉर्नला ती पुन्हा पळाली. मिंधेपणाची दोरी दिसत नाही, पण मान हलवू देत नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येक मुलीला ठरलेली बाळंतपणं स्वतःच्या हातांनी करावी लागतात, तरच परीक्षेला बसता येतं. पुस्तकातलं राहिलं तर जागून भरून काढता येतं, हे तसं येत नाही. त्यात लेबर रूमचा एक शिरस्ता आहे. जी मुलगी हात धुऊन हातमोजे चढवते, बाळंतपण तिच्या नावावर लागतं. मग तिला तिथून कुणी हलवत नाही, प्राचार्य आल्या तरी. हात धुतले नसतील तोवर मात्र तिला कुठेही पिटाळता येतं.

भाषणवालीचं एकच बाळंतपण कमी पडत होतं आणि मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. लेबर रूममध्ये एक पहिलटकरीण होती. ही सकाळपासून तिच्या उशाशी. तिची कंबर चोळत होती, तिला घोट घोट पाणी पाजत होती, तिच्या शिव्याही खात होती. पहिलटकरीण हिचा हात सोडायला तयार नव्हती. शेवटी सिस्टर म्हणाल्या, चल, हात धू. तिने नळ सोडला आणि खाली हॉर्न वाजला. ती थबकली, तेवढ्यात बाई स्वतःच जिना चढून दारात आल्या. तिने हात जोडून सांगितलं, आज नको. बाई म्हणाल्या, प्राचार्यांशी माझं बोलणं झालंय, आणि आजच्या पाहुण्यांवर पुढच्या सगळ्या मुलींची फी अवलंबून आहे. तिने नळ बंद केला.

पहिलटकरणीला मुलगी झाली. बाळंतपण दुसऱ्याच विद्यार्थिनीच्या नावावर लागलं. त्या वेळी ही स्टेजवरून सांगत होती, की बाळाचं पहिलं रडणं ऐकलं की माझ्या सगळ्या कष्टांचं चीज होतं. टाळ्या थांबत नव्हत्या म्हणे.

बाई प्राचार्यांशी बोललेल्याच नव्हत्या. मागाहून बोलल्या, पण नियम तो नियम. प्राचार्यांनाही दोष देववत नाही. बाळंतपणाचा हात पुरता न बसलेली नर्स कुणाला हवी? मग योजनेचाही नियम पुढे आला. वेळेत शिक्षण पुरं न करणाऱ्या मुलीची मदत बंद. वसतिगृहातली खाट गेली. ती त्याच लेबर रूममध्ये आया म्हणून लागली. फरशी पुसायची, रक्ताचे कपडे खाली आईकडे धुवायला पाठवायचे. आयांचे हिरवे कपडेही मीच शिवते. माप घ्यायची गरज नव्हती. कात्री चालवताना मला रडू आलं, ती मात्र शांत उभी होती.

वर्षभराने बाई माझ्या दुकानात आल्या. योजनेचा मोठा कार्यक्रम होता आणि त्यांना नर्सचा पांढरा गणवेश हवा होता, भाषणवालीच्या मापाचा.

"ती नर्स कुठे झाली?" मी विचारलं.

"स्टेजवर कोण सर्टिफिकेट बघतंय, मावशी? योजनेची समिती खूश झाली तर तिला पुन्हा शिकायला मिळेल."

पोरीलाही हेच आमिष दाखवलं होतं. तिला दुसरं काहीच नको होतं. म्हणून तिने तो घातला. असा संताप आला होता मला, तरी मापात चूक होऊ दिली नाही.

कार्यक्रमाला मीही गेले. आई पहिल्या रांगेत, विटक्या कपड्यांत. भाषण झालं, रुमाल निघाले. खाली उतरल्यावर तिने समितीच्या अध्यक्षांना गाठलं आणि राहिलेलं वर्ष पुरं करायला मदत मागितली. अध्यक्ष भला माणूस. त्यांनी तिच्या गणवेशाकडे कौतुकाने पाहिलं.

"अगं, तू तर नर्स झालीस. आता दुसऱ्या एखाद्या गरजू मुलीला मिळू दे."

तिने बाईंकडे पाहिलं. बाई फोटोवाल्याला बोलावत होत्या.

परवा ती तोच गणवेश घडी घालून घेऊन आली. शेवटच्या वर्षाच्या मुलींनाही पांढराच लागतो. योजनेची एक मुलगी नेमकी दुकानात उभी होती. हल्ली भाषणं तीच करते.

"हा हिलाच बसवून द्या, मावशी," भाषणवाली म्हणाली. मी तिच्या कपड्यांवरूनच तो चढवून टाचण्या लावायला लागले. भाषणवाली तिच्या समोर येऊन उभी राहिली.

"लेबर रूममध्ये असलीस आणि हॉर्न ऐकू आला, की आधी हात धू. हात धुतलेल्या मुलीला कुणी नेत नाही."

"बाई रागावतील ना पण."

"रागावू देत. बाळंतपण तुझ्या नावावर लागेल."

मुलीने मान डोलावली. तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. मुलीने घाईघाईने गणवेश अंगातून काढला, टाचण्या खाली सांडल्या, आणि येते हं मावशी, म्हणत ती गाडीकडे पळाली. भाषणवाली खाली बसून टाचण्या वेचायला लागली.