पुडीचं पथ्य

फोन स्पीकरवर व्हता म्हून मला ऐकू आलं. पिंपळगाव रेणुकाईहून माझी नणंद हसत हसत सासूला सांगू राह्यली, "आई, दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्या मी. पाकीटच फेकून देलं उकिरड्यावर. वैनीची पुडी न्यायला उद्या येते." माझ्या हातातली भाकर तव्यावर पडायच्या जागी खाली पडली, मी किंचाळले, मी किंचाळले म्हून पोरगी रडली. सासू म्हणली, "पाल पडली का काय अंगावर?" मी म्हणलं व्हय आत्याबाई, पालच.

आता दम घेऊन सांगते. माझी पोरगी झाली आन् पाठोपाठ माझी बोटं सुजली. सकाळी तिच्या झबल्याची नाडी सुटंना. जालन्याची डॉक्टरीनबाई म्हणली, अंगातली जी ताकद रोगासंगं भांडायची तीच तुझ्या सांध्यांवर उलटली, घरच्या कुत्र्यानं घरच्यांनाच चावावं तशी. मी जास्त शिकलेली न्हाई, पण कुत्रं मला कळलं. पोरीचं दूध सोडवून तिनं आठवड्यातून एक दिवस घ्यायची गोळी देली, आन् महिन्याला रक्त तपासायचं.

सासूला ते बिलकुल पटलं न्हाई. आठवड्याला एकदा खायचं ते औषध कसलं, तो तं उपास झाला, म्हणली. बदनापूरच्या बाजारात एक औषधवाला बसतो, त्याच्याकडून तिनं वातावरची पुडी आणली, मायेनं, उन्हात चालत जाऊन. मी खाल्ली. बोटं अशी मोकळी झाली का बस. पण तोंड फुगलं भोपळ्यासारखं. डॉक्टरीनबाईनं तोंड बघितलं आन् समजली. असल्या पुडीत कधी कधी चोरून स्टेरॉइड मिसळेल असतं म्हणली, आन् एकदम न सोडवता, तपासून, हळूहळू सोडवलं मला त्यातून.

पण घरी कसं सांगू? सासू रोज माझ्यासमोर बसून पुडी चाटवायची. मंग मी काय केलं, बरणीतली पुडी मोरीत सांडली आन् सुंठ, मेथी आन् कडुलिंबाचा वाळलेला पाला कुटून बरणी भरली. सासू बोट बुडवून चाखायची. कडू लागलं का खूश. गोळी मी पोरीच्या पावडरच्या डब्यात ठेवायचे आन् रविवारी मोरीत जाऊन गिळायचे. हात बरे झाले गोळीनं, नाव झालं पुडीचं. सासू गल्लीभर माझी बोटं दाखवीत हिंडायची, "उघड गं, मूठ मिट, उघड," असं म्हणायची, आन् मी बाहुलीवाणी मूठ मिटायचे, उघडायचे. हसू दाबून पोट दुखायचं माझं.

पण नणंदेला माझाच आजार, माझ्याहून जबर. मागं एकदा गोळ्या सुटल्या तव्हा तिला घास उचलंना. नवऱ्यानं भरवलं, आन् ती लाजून अर्ध्या पोटी उठली. म्हून तिचा फोन ऐकून माझा जीव चालला.

दुसऱ्या दिवशी ती आली. सासूनं देवासारखी बरणी पुढं आणून ठेवली. आमच्याकडं बिनापथ्याच्या औषधावर कोणी भरोसा ठेवत न्हाई. वांगं बंद, दही बंद, काहीतरी बंद पाहिजेच. मला तेच सुचलं.

"ताई, पुडीला पथ्य हाय," मी म्हणलं.

"वांगं का?"

"वांगं खुशाल खा. तुमची ती दवाखान्याची गोळी हाय ना, ती डॉक्टरनं लावून देली तशीच घ्यायची. आन् महिन्याला रक्त तपासायचं. न्हाई तं पुडी उलटती."

सासूनं माझ्याकडं बघितलं. "मला काऊन न्हाई सांगलं त्या औषधवाल्यानं?"

"त्या दिशी बाजारात लई गर्दी व्हती म्हणल्या ना तुम्ही."

तिनं इचार केला. मंग मान हलवली, "एवढं कडक पथ्य हाय म्हंजी औषध भारीच असल." आन् लेकीला तशीच उठवून परत गोळ्या आणायला जालन्याला दवाखान्यात घेऊन गेली. त्याच्यानंतर दर आठवड्याला फोन, पथ्य केलं का, खरं सांग. डॉक्टरीनबाईचा शब्द कधी एवढा पाळला न्हाई आमच्या घरात.

परवा नणंद आली. वेणी सोताची सोता घातलेली. सासूला एवढा आनंद झाला का तिनं पुरणाची डाळ शिजायला घातली आन् वांगीबी आणली. मी म्हणलं आज काय सण हाय?

"पथ्य सोडायचं हाय हिचं," सासू म्हणली. "जलमभर कोणी पथ्य करतं का?"

नणंद माझ्याकडं वळली. "वैनी, सोडू ना गोळी? पुडी तेवढी चालू ठेवते."

खरं सांगावं तं सासूचं तोंड लेकीसमोर उतरतं, आन् गल्ली तिला हसती. पथ्य जलमभराचं हाय म्हणावं तं ती उद्याच बाजारात त्या औषधवाल्याला इचारून येईल, आन् येताना खरीखुरी पुडी घेऊन येईल. गप बसावं तं नणंदेचे हात जातात. डाळ शिजू राह्यली, दोघी माझ्या तोंडाकडं बघू राह्यल्या. सांगा बायांनो, माझ्या जागी तुम्ही असत्या तं काय म्हणल्या असत्या?