गणिताच्या तासाला स्वागतगीत

आमच्या पेठेत नळाला पाणी चार-पाच दिवसांआड यायचं, आणि शाळेत नवा मुख्याध्यापक त्याहून जरा उशिरानं. फरक एवढाच की पाण्याची लोक वाट बघायचे.

शाळा सरकारी, मुलींची, सोलापूरच्या पूर्व भागातली. मी तिथं मराठी शिकवायची. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मुख्याध्यापकांची अशी काही रीघ लागली की फाटकातून इस्त्रीचे कपडे आत आले रे आले, की शिपाईमामा आधी पाण्याचा ग्लास पुढं करायचे आणि मग विचारायचे, "साहेब, रुजू व्हायला आलात की जायला?"

एकानं वास्तुशास्त्रासाठी टेबल फिरवलं आणि महिनाभर दाराकडं पाठ करून बसला. शाळेत मुलं येतात हे त्याला शेवटपर्यंत कळलं नसावं. दुसऱ्यानं भिंतीभिंतीवर सुविचार रंगवून घेतले. 'चिकाटी हीच यशाची गुरुकिल्ली' हे वाक्य वाळायच्या आत त्याची बदली झाली होती, तीही त्यानं स्वतः खटपट करून मिळवलेली. मग एक प्रभारी आले. ते मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसायचेच नाहीत. शेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे आणि काहीही विचारलं तरी, "कायमचे साहेब आले की बघू," म्हणायचे. मला त्यातल्या त्यात हेच बरे वाटले. बाकीचे काही करत असल्याचं सोंग आणून काहीच करायचे नाहीत. हेही काहीच करायचे नाहीत, पण सोंगाशिवाय.

आणि या सगळ्या वरातींची वाजंत्री कोण? तर मी!

तेव्हाची मी आठवली की मला माझाच कान पिरगाळावासा वाटतो. इरकल साडी, अंबाड्यावर गजरा, हातात माईक. सूत्रसंचालन म्हणजे माझा प्राण. 'कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, विद्यार्थिप्रिय' ही तीन विशेषणं मी प्रत्येकाला त्याच क्रमानं चिकटवली. गडी आदल्याच दिवशी फाटकातून आत आलेला, आणि मी म्हणतेय विद्यार्थिप्रिय! माझी नात विचारते, "आजी, तू तेव्हा इतकी बावळट होतीस?" मी म्हणते, नुसती बावळट असते तर चाललं असतं गं. मी हुशार बावळट होते. आमच्यासारख्यांच्या हातात माईक देतात.

शिवाय स्वागतगीत माझं स्वतःचं. चाल माझी, शब्द माझे, आणि नाव बदलायला दुसऱ्या कडव्यात मोकळी जागा. दहावीतली एक मुलगी ते गायची. काडीसारखी बारीक, पण आवाज असा की बाहेर रिक्षावाला थांबून ऐकायचा. तिला घेऊन मी तालीम घ्यायची, आणि ती गणिताच्या तासाला. कारण गणिताचे मास्तर निवृत्त झाल्यापासून तो तास मोकळाच होता. नवा मास्तर द्या म्हणून प्रत्येक मुख्याध्यापकाकडं मागणी व्हायची, प्रत्येक जण "मी वर बोलतो" म्हणायचा, आणि वर बोलायच्या आत स्वतःच दुसरीकडं जायचा. पुढच्याकडं पुन्हा पहिल्यापासून मागणी. दुसऱ्या एखाद्या बाईला असा मोकळा तास दिसला असता तर तिनं मुलींकडून उदाहरणं सोडवून घेतली असती. मला दिसला आणि मी त्यात कोरस बसवला.

एकदा अशीच तालीम चालू असताना त्या मुलीची आई दारात उभी राहिली. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. विड्या वळायची. घरी तेलुगू, पण भांडायला मराठी.

"बाई, ह्यो कोन्चा तास?"

"गणिताचा," मी म्हटलं. अगदी सहज.

"गनितात गानं असतंय व्हय?"

मुली फिस्सकन हसल्या. मी माझा ठेवणीतला आवाज काढला. "अक्का, नवे साहेब यायचेत. शाळेची अब्रू असते."

"तुमची अब्रू ऱ्हाऊ द्या. माझं ऐका. ही गनितात पास झाली तर अकरावीला घालते. नापास झाली तर दुसऱ्या दिवशी सूप मांडीवर. माझ्या सासूनं मला तसंच बसवलं, अजून उठले न्हाय."

मुलगी खाली बघत राहिली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं, आणि मान खाली ती आयुष्यभर. पेठेतल्या निम्म्या बायका तशाच बसलेल्या मी रोज बघायची. तरी मी काय केलं? अक्का गेल्यावर म्हटलं, "चला, दुसरं कडवं."

नवे साहेब आले. नवी पेठेतून शाल आली, हार आला. हॉल भरलेला दिसावा म्हणून पालकांना बोलावलं होतं, त्यात मागच्या रांगेत अक्का. गाणं झालं. मी परिचय वाचायला उभी राहिले. कर्तव्यदक्ष झालं, शिस्तप्रिय झालं, विद्यार्थिप्रिय झालं. "साहेब गणित विषयात प्रथम श्रेणीत पदव्युत्तर पदवीधर असून..."

"बाई, थांबा. काय म्हनलात? गनित?"

हॉलमधल्या माना वळल्या. मी म्हटलं, "अक्का, परिचय चालू आहे."

"चालू दे की. पन हे गनिताचे हायत न्हवं? मग मास्तर मिळाला की! कशाला वर बोलताय?"

आता ऐका माझी थोरवी. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचत नव्हते. वास्तूवाले गणिताचे होते. सुविचारवालेही गणिताचेच. दोघांचे परिचय मी याच माईकवरून, याच ठसक्यात वाचले होते. इकडं दहावीला गणिताला कुणी नाही म्हणून हळहळायचं, तिकडं गणिताची पदवी खड्या आवाजात वाचून टाळ्या घ्यायच्या, आणि मधे भिंत एकच! मला काय, अख्ख्या शिक्षकखोलीला कधी सुचलं नाही. मुख्याध्यापक झाला म्हणजे माणूस शिकवण्यातून सुटला, असं आम्ही सगळ्यांनी मनात धरलेलं. त्यांचे नियमाचे तास असायचे, पण ते वेळापत्रकात 'मूल्यशिक्षण' म्हणून झोपलेले.

साहेब गळ्यातल्या हारासकट उठले. "हे बघा ताई, मी आता प्रशासन पाहतो."

"परशासन कोन्त्या तासाला असतंय?"

हॉल असा हसला की प्रमुख पाहुण्यांनीही रुमाल तोंडाला लावला. मग त्याच पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, पालकांनी वाजवल्या, आणि साहेबांना म्हणावंच लागलं, "उद्यापासून तास घेतो." शाल अजून घातलीच नव्हती. ती नंतर घातली, तेव्हा ते कोकरासारखे वाकले.

तास सुरू झाले. पहिला आठवडा बघण्यासारखा होता. साहेब हजेरीपटात गाइड लपवून आणायचे आणि वर्गसमीकरण अडलं की हजेरी घ्यायचे. एका तासाला तीन वेळा हजेरी! पण खडू हातात राहिला तसं बोटांना आठवायला लागलं असावं. बीजगणित त्यांनी बऱ्यापैकी शिकवलं, हे मी कुरकुरत का होईना लिहिते. काडीसारखी ती मुलगी पुढच्या बाकावर येऊन बसली. एरवी गाण्यात चढवायची तो आवाज आता शंका विचारायला लागला. "सर, हितं वजा कुटनं आला?" सर फळ्याकडं बघायचे, मग म्हणायचे, "हां, चुकलंच ते." एक मुख्याध्यापक चुकलं म्हणाला, हे त्या शाळेतलं पहिलंच शैक्षणिक कार्य.

मग भूमिती आली. स्पर्शिका-छेदिकेचं प्रमेय. शेजारच्या वर्गातून मला सगळं ऐकू यायचं. आकृती झाली, पक्ष झाला, साध्य झालं, सिद्धतेला सुरुवात झाली आणि साहेबांचा मोबाइल वाजला. बदलीचा आदेश आला होता. नदीपलीकडची शाळा, घराजवळ, मुलं थोडी. मी दारातून बघितलं तर माणूस अक्षरशः उजळला होता.

"मुलींनो, उरलेली सिद्धता गृहपाठ," असं म्हणून त्यांनी खडू ठेवला आणि हात झटकले. हात झटकण्यात मात्र प्रथम श्रेणी.

मी लगेच कामाला लागले. नवं कोण येतंय, परिचय मागवा, गाणं बसवा! दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला वर्गात जाऊन टाळी वाजवली. "चला, तालीम."

ती मुलगी जागची उठली नाही. "बाई, गानं मला येतंय." मग फळ्यावरच्या अर्ध्या प्रमेयाकडं बोट केलं. "हे येत न्हाय."

मी माझी तिन्ही विशेषणं गुंडाळून ठेवली. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. मला स्पर्शिका आणि शेवयाची खीर यातलं खीरच कळते. पण वर्गात मोठं माणूस बसलं असलं की तास मोकळा राहत नाही, एवढं कळलं. साहेब विसरून गेलेलं गाइड मुलींनी टेबलावर उघडलं. ती फळ्याशी उभी राहिली, बाकीच्या बाकावरून भांडत राहिल्या. दोन त्रिकोण समरूप आहेत की नाहीत यावरून अशी खडाजंगी की नवऱ्या-सासूवरूनही होत नाही. सिद्धता त्याच दिवशी पुरी झाली असं नाही. दोन दिवस फळा पुसू दिला नाही त्यांनी.

पुढचे साहेब गाण्याशिवायच आले. मी परिचय वाचायच्या आधीच मागून विचारणा झाली, "विषय कोन्चा?"

"भूगोल," साहेब हसून म्हणाले.

"मग बसा तुमी," अक्का म्हणाली.

ते बसले. अजून कुठं तरी बसलेलेच असतील. दहावीचा गणिताचा तास परीक्षेपर्यंत मुलींनीच चालवला, मी मागं बसून विणकाम केलं, आणि अडलं की जुन्या साहेबांना फोन लावून द्यायची. ते उचलायचे नाहीत. एकदा उचलला आणि म्हणाले, "मीटिंगमध्ये आहे." मागं कुकरची शिटी ऐकू आली.

निकाल लागला. सगळ्या काही पास झाल्या नाहीत. शाळेचा निकाल बघून कुणी हार घातला नसता. ती झाली. गणितात काठावर, पण काठाच्या अलीकडं नाही, पलीकडं.

अक्का पेढे घेऊन घरी आली. पुडा माझ्या हातात कोंबला, पाणी प्याली, पंख्याखाली पदर सोडून बसली. मला वाटलं, आता दोन शब्द माझ्यासाठी येतील. तेवढी हाव माझी तेव्हाही गेली नव्हती. मी कानामागं बट सारून तयारच होते.

"बाई," ती म्हणाली, "ते भूगोलवाले कंदी जानार?"

"का गं?"

"जातील की लवकर. धाकटी आता नववीत हाय, तिला इंग्रजी जमत न्हाय. तेवढं बगा की, कोन्चा सायेब येतोय ते."